परवान्याविना चीन: स्वतंत्र माहितीपट आणि त्यांचे अभ्यासक

२३ ऑगस्ट २०१४ रोजी बीजिंगच्या पूर्व सीमेवरच्या सोंगझुआंग या कलावंतांच्या वस्तीत अकरावा बीजिंग स्वतंत्र चित्रपट महोत्सव सुरू व्हायचा होता. तो सुरू झालाच नाही. पोलिसांनी महोत्सव बंद पाडला. त्याचे आधारस्तंभ असलेले कलासमीक्षक ली शियानतिंग आणि कलासंचालक वांग होंगवेई यांना त्यांनी काही तास अडकवून ठेवले आणि ली यांच्या नावाने चालणाऱ्या चित्रपटनिधीच्या कार्यालयातून संगणक, तबकड्या आणि कागदपत्रे उचलून नेली. महोत्सवावर गदा येण्याची ही पहिली वेळ नव्हती. २०१२ मध्ये उद्घाटनाचा चित्रपट चालू असतानाच सभागृहाची वीज गेली होती, पुढच्या वर्षी जाहीर प्रदर्शनांवर निर्बंध आले होते. या वेळचा घाव मात्र खोल होता. रद्द झालेला खेळ पुन्हा लावता येतो, पण वर्षानुवर्षे जमवलेला संग्रहच गेला, तर ज्या चित्रपटांच्या जेमतेम दोन-चार प्रती अस्तित्वात आहेत ते चित्रपट झाल्याचा पुरावाही उरत नाही. चित्रपट दाखवला जाण्याइतकाच तो नोंदला जाणे, साठवला जाणे आणि त्यावर कुणीतरी लिहिणेही सत्तेला अस्वस्थ करते, हे त्या दिवशी उघड झाले.

या लेखाचे म्हणणे याच घटनेतून निघते. १९९० नंतरच्या चीनमध्ये सरकारी परवान्याविना माहितीपटांची जी परंपरा उभी राहिली, तिचा इतिहास आणि तिच्या अभ्यासाचा इतिहास एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. इतर देशांत आधी चित्रपट येतो, लोक तो पाहतात आणि मागाहून अभ्यासक त्याचा विचार करतात. इथे चित्रपटगृहे बंद होती, दूरचित्रवाणी बंद होती आणि वृत्तपत्रांत परीक्षण छापून येण्याची शक्यता नव्हती. ती रिकामी जागा विद्यापीठांनी, अभ्यासकांनी आणि मूठभर महोत्सवांनी भरून काढली. वर्गखोली हे प्रेक्षागृह झाले, शोधनिबंध हे परीक्षण झाले आणि ग्रंथालय हे कोठार झाले. अभ्यासकांनी या चित्रपटांना नाव दिले, अर्थ दिला आणि शेवटी आसराही दिला. या उपकाराची किंमत चित्रपटकर्त्यांना मोजावी लागली हे खरे आहे, आणि तिचा हिशेब पुढे मांडायचाच आहे. पण अभ्यास नसता तर एका मोठ्या देशाच्या एका मोठ्या स्थित्यंतराची सर्वांत प्रामाणिक दृश्य-नोंद आज आपल्या हाती नसती.

चीनमध्ये चित्रपटाचा अभ्यास हे निरुपद्रवी काम कधीच नव्हते. साम्यवादी राजवटीतला चित्रपटाचा पहिला मोठा इतिहास चेंग जीहुआ यांनी ली शाओबाई आणि शिंग झुवेन यांच्या साथीने लिहिला. त्याचे दोन खंड १९६३ मध्ये निघाले आणि त्यांत १९४९ पर्यंतची कहाणी होती. ग्रंथाची मांडणी पक्षाच्या दृष्टीला धरूनच होती, तरीही तीन वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि तोच ग्रंथ विषारी ठरला. १९३० च्या दशकातल्या शांघायच्या चित्रपटांविषयी त्यात जिव्हाळ्याने लिहिले होते आणि त्या काळाची आठवण आता सत्तेतल्या माणसांना नकोशी झाली होती. चेंग यांना कित्येक वर्षे तुरुंगात काढावी लागली. ग्रंथ पुन्हा बाजारात यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. चेंग यांचा ग्रंथ निघाला त्याच सुमारास, १९५९ ते १९६४ या काळात, जे लेडा हे अमेरिकन इतिहासकार बीजिंगच्या सरकारी चित्रपट-संग्रहालयात काम करत होते. तिथे पाहिलेल्या चित्रपटांवर आधारलेला त्यांचा इतिहास १९७२ मध्ये अमेरिकेत निघाला. म्हणजे मायदेशी ग्रंथ बंद आणि लेखक बंदिवासात असताना त्या चित्रपटांची ओळख परदेशातल्या एका पुस्तकात टिकून राहिली. पुढच्या पन्नास वर्षांत ही घडण पुन्हा पुन्हा दिसणार होती.

माहितीपटाची कहाणी दूरचित्रवाणीपासून सुरू होते. १९८० च्या दशकात चिनी दूरचित्रवाणीवर माहितीपट म्हणजे आधी लिहून, मंजूर करून घेतलेले निवेदन आणि त्याच्या आधाराला जोडलेली दृश्ये. कॅमेरा निवेदनाचा चाकर होता. १९८८ मध्ये मध्यवर्ती दूरचित्रवाणीवर दाखवली गेलेली सहा भागांची ‘नदीचा विलाप’ ही मालिका विचारांनी बंडखोर होती. चिनी संस्कृती स्वतःत कोंडली गेली आहे, तिने समुद्राकडे आणि जगाकडे तोंड वळवावे, असे तिचे सांगणे होते. जून १९८९ मध्ये तियानानमेन चौकात रक्त सांडल्यावर ती बंदी घातलेल्या कृतींत जाऊन बसली. पण तिचीही रीत जुनीच होती. वरून बोलणारा एक आवाज होता आणि खाली त्याला दुजोरा देणारी चित्रे. १९८९ नंतर काही तरुणांना या रीतीचाच वीट आला. लोकांच्या वतीने बोलणारा आवाज, मग तो सरकारी असो की सुधारकांचा, त्यांना नको होता.

त्यांतला पहिला म्हणजे वू वेनग्वांग. युन्नान प्रांतातल्या कुनमिंगचा, १९५६ चा जन्म, दूरचित्रवाणीत काम केलेला. १९८८ मध्ये त्याने बीजिंगमध्ये राहणाऱ्या पाच कलावंत मित्रांचे चित्रीकरण सुरू केले. हे पाचही जण बाहेरच्या प्रांतांतून राजधानीत आलेले होते. शहरात राहण्याची अधिकृत नोंद नाही, सरकारी नोकरी नाही, डोक्यावर धड छप्पर नाही, अशा अवस्थेत ते लिहीत होते, रंगवत होते, नाटके बसवत होते. चित्रीकरण चालू असतानाच १९८९ ची उलथापालथ झाली. १९९० मध्ये ‘बीजिंगमधली भटकंती’ पूर्ण झाला तेव्हा पाचांपैकी बहुतेकांनी परदेशाची वाट धरली होती आणि एका चित्रकार मुलीचे मन कॅमेऱ्यासमोर ढासळताना नोंदले गेले होते. चित्रपटात तियानानमेनचा उच्चार नाही, तरीही त्याच्या प्रत्येक दृश्यावर त्या जूनची सावली आहे. निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही, लांबच लांब मुलाखती आणि मधल्या न कापलेल्या शांतता. कॅमेरा हलतो, आवाज फाटतो. ज्यांना घासून-पुसून चकाकी दिलेल्या दृश्यांची सवय होती त्यांना हे ओबडधोबड वाटले असेल, पण या ओबडधोबडपणातच इथे काही लपवलेले नाही याची ग्वाही होती.

हा चित्रपट चीनमध्ये दाखवायला जागा नव्हती. १९९१ मध्ये तो हाँगकाँगच्या आणि जपानमधल्या यामागाताच्या महोत्सवात पोहोचला. यामागाताचा माहितीपट महोत्सव १९८९ मध्येच सुरू झाला होता आणि जपानी शेतकऱ्यांच्या लढ्यावर चित्रपट करणाऱ्या ओगावा शिनसुके यांचा आशिया खंडातल्या तरुण माहितीपटकारांना पाठिंबा होता. १९९३ मध्ये वूच्या पुढच्या चित्रपटाला, म्हणजे सांस्कृतिक क्रांतीतल्या रेड गार्ड पिढीच्या आठवणींवरच्या ‘१९६६’ ला, तिथे ओगावांच्याच नावाचा पुरस्कार मिळाला. यामागातामध्ये या चिनी तरुणांनी अमेरिकेच्या फ्रेडरिक वाइजमन यांचे चित्रपट पाहिले. एखादी शाळा, इस्पितळ किंवा कचेरी घेऊन तिचे कामकाज निवेदनाविना, धीराने पाहत राहणे ही वाइजमन यांची पद्धत या तरुणांपैकी दुआन जिनच्वानने ल्हासाला नेली. बारखोर भागातल्या एका मोहल्ला समितीच्या कचेरीवरचा त्याचा माहितीपट १९९७ मध्ये पॅरिसच्या ‘सिनेमा द्यु रेएल’ महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. सत्ता रोजच्या व्यवहारात, अर्ज, भांडणे आणि उपदेश यांतून कशी चालते, हे त्या कचेरीत एकही घोषणा न देता दिसते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे चित्रपटकर्ते सरकारी व्यवस्थेपासून तुटलेले बंडखोर होते असे चित्र रंगवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. सुरुवातीच्या कित्येक माहितीपटांची यंत्रसामग्री दूरचित्रवाणी केंद्रांतून आली, अनेक जण तिथेच पगारी नोकरी करत. १ मे १९९३ रोजी मध्यवर्ती दूरचित्रवाणीवर ‘पूर्वेचा अवकाश’ हा सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. सामान्य माणसांच्या आयुष्यावरच्या त्याच्या छोट्या सदरात हीच नवी, निवेदनमुक्त शैली हळूहळू शिरली. स्वातंत्र्य आणि व्यवस्था यांच्यातली सीमा धूसर होती, माणसे तिच्या अलीकडे-पलीकडे करत होती. ही गुंतागुंत सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकी मांडली ती अभ्यासकांनी. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या ल्यू शिनयू यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या चित्रपटकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या, दूरचित्रवाणीतले आणि बाहेरचे प्रयोग एकाच पटावर मांडले आणि २००३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. विखुरलेल्या प्रयत्नांना त्यांनी ‘नवी माहितीपट चळवळ’ असे नाव दिले. नाव मिळाले आणि एकेकटे चाचपडणाऱ्यांना आपण एका प्रवाहात आहोत याचे भान आले. २०१० मध्ये ल्यू यांनी क्रिस बेरी आणि लिसा रोफेल यांच्यासह संपादित केलेला लेखसंग्रह हाँगकाँग विद्यापीठाने प्रसिद्ध केला, आणि हा विषय जगभरच्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत शिरला.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस हातात मावणारा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा चीनमध्ये पोहोचला आणि सगळा हिशेब बदलला. फिल्मच्या रिळांचा खर्च नको, प्रयोगशाळा नको, पथक नको. १९९७ मध्ये ‘शियाओ वू’ हा चित्रपट करणाऱ्या जिया झांगकेने पुढच्याच वर्षी एका लेखात हौशी चित्रपटाचे युग परत येत असल्याचे भाकीत केले. शेनयांग शहराच्या तिएशी या प्रचंड औद्योगिक भागात वांग बिंग या तरुणाने एकट्याने ते खरे करून दाखवले. भाड्याच्या छोट्या कॅमेऱ्यावर त्याने १९९९ ते २००१ या काळात तिथले बंद पडत चाललेले कारखाने, पाडल्या जाणाऱ्या कामगार-वस्त्या आणि मालगाड्यांचे रूळ चित्रित केले. सरकारी उद्योगांतून कोट्यवधी कामगार घरी पाठवले जात होते त्याच वर्षांचा हा काळ. ‘तिएशी जिल्हा’ हा तीन भागांचा माहितीपट सुमारे नऊ तासांचा आहे. धातू वितळवणाऱ्या भट्ट्या, विश्रांतिगृहात पत्ते खेळणारे कामगार, कंपनीचे दिवाळे निघाल्याची बातमी, मग बर्फाने भरलेल्या रिकाम्या शाळा-घरांतून फिरणारा कॅमेरा. २००३ मध्ये यामागाताने त्याला सर्वोच्च पुरस्कार दिला.

नऊ तासांचा, परवाना नसलेला, चित्रपटगृहात कधीच न लागणारा चित्रपट कितीजण पाहणार? या प्रश्नाला अभ्यासाने उत्तर दिले. २००५ मध्ये ल्यू शिनयू यांनी ब्रिटनमधल्या ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’ या नियतकालिकात या चित्रपटावर दीर्घ निबंध लिहिला. चीनच्या राज्यघटनेत राष्ट्राचा मालक म्हणून ज्याची प्रतिष्ठा होती तो कामगारवर्ग इतिहासातून कसा पुसला जात आहे, हे त्यांनी वांगच्या एकेका दृश्यातून उलगडले. आर्थिक सुधारणांच्या वाढीचे आकडे सर्वत्र छापून येत होते, त्या आकड्यांखाली दबलेल्या माणसांची बाजू या चित्रपटात होती. पण ती बाजू वाचायला शिकवले निबंधाने. आज जगभरचे विद्यार्थी तिएशीकडे एका युगाच्या अंताची नोंद म्हणून पाहतात, त्यामागे चित्रपटाइतकाच या वाचनाचाही हात आहे.

कधी कधी अभ्यासक नुसते लिहिण्यावर थांबले नाहीत. युन्नानमध्ये समाजविज्ञान अकादमीशी संबंधित मानववंशशास्त्रज्ञांनी, त्यांत गुओ जिंग हे प्रमुख होते, २००३ मध्ये कुनमिंगला बहुसांस्कृतिक दृश्य-महोत्सव सुरू केला. त्यात गावकऱ्यांनी स्वतः काढलेले चित्रपटही दाखवले जात. २००७ मध्ये तिथे हू जिए याचा ‘मी गेलो तरी’ हा माहितीपट लावायचे ठरले. ५ ऑगस्ट १९६६ रोजी, सांस्कृतिक क्रांतीच्या सुरुवातीला, बीजिंगच्या एका मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी उपमुख्याध्यापिका बियान झोंगयुन यांना मारहाण करून ठार केले. त्यांचे पती वांग जिंगयाओ यांनी दुसऱ्या दिवशी कॅमेरा विकत घेऊन पत्नीच्या मृतदेहाची छायाचित्रे काढली आणि चाळीस वर्षे जपली. त्या छायाचित्रांभोवती चित्रपट उभा आहे. अधिकाऱ्यांनी कुनमिंगमधला महोत्सव रोखला, आयोजकांना तो दालीला हलवावा लागला. ग्वांगझोच्या सुन यात-सेन विद्यापीठातल्या साहित्याच्या प्राध्यापक आय श्याओमिंग यांनी तर लेखणीबरोबर स्वतःच कॅमेरा हाती घेतला. हेनान प्रांतात रक्तविक्रीतून पसरलेला एड्स, ताइशी गावातला निवडणुकीचा संघर्ष, २००८ च्या सिचुआन भूकंपात निकृष्ट बांधकामाच्या शाळांखाली गाडली गेलेली मुले, हे त्यांचे विषय. विद्यापीठाच्या चौकटीत शिकवलेला स्त्रीवाद आणि नागरी हक्क त्यांनी रस्त्यावर तपासून पाहिले. त्यासाठी त्यांनी हल्ले, पाळत आणि प्रवासबंदी सोसली. २०१० मध्ये वकील गुओ जियानमेई यांच्यासह त्यांना सिमोन द बोव्हार पुरस्कार मिळाला.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खरे आहेत आणि त्यांना बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिला आणि सर्वांत टोचणारा आक्षेप खुद्द चित्रपटकर्त्यांचा. २०११ मध्ये नानजिंगच्या स्वतंत्र चित्रपट महोत्सवात माहितीपटाच्या नीतिमत्तेवर परिसंवाद झाला. अभ्यासकांची भाषणे ऐकून कित्येक माहितीपटकार संतापले. त्यांनी आपापली निवेदने लिहून ‘शमन आणि प्राणी’ या मथळ्याखाली भिंतीवर लावली. तक्रार अशी की अभ्यासक चित्रपट धीराने पाहत नाहीत, सिद्धांताच्या चौकटीत बसेल तेवढेच उचलतात. खेड्यापाड्यांत महिनोन्महिने राहून, पदरमोड करून आणि धोका पत्करून चित्रपट करणाऱ्यांना वातानुकूलित सभागृहातून नीतीचे धडे मिळतात. ही तक्रार रास्त आहे. ‘चळवळ’ या नावाखाली फार वेगळी माणसे एकत्र बांधली गेली, आणि ज्यांचे काम सिद्धांतात चपखल बसत नव्हते ते मागे पडले. पण त्या भिंतीवरच्या भांडणाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. ज्या कलेला सेन्सॉरखेरीज दुसरा वाचक नाही, तिच्या निर्मात्यांना टीकाकारांशी भांडण्याची संधीच मिळत नाही. नानजिंगमध्ये चित्रपटकर्ते आणि अभ्यासक एकमेकांना उत्तरदायी समजत होते. एका निरोगी सांस्कृतिक जीवनाची ती खूण होती, आणि ती अल्पायुषी ठरली हे खरे दुःख आहे. पुढच्याच वर्षी त्या महोत्सवाला अडवण्यात आले आणि २०२० च्या सुरुवातीला तो बंद झाल्याचे आयोजकांनी जाहीर केले.

दुसरा आक्षेप परदेशी नजरेचा. पाश्चात्त्य विद्यापीठांना आणि महोत्सवांना ‘चीनमध्ये बंदी’ या शिक्क्याचे आकर्षण असते, म्हणून दुःखाचे, दारिद्र्याचे आणि दडपशाहीचे चित्रपट निवडले जातात आणि चीनची एकांगी प्रतिमा बनते, असे चिनी सरकारचे समर्थकच नव्हे तर कित्येक चिनी बुद्धिवंतही म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. बंदी हा गुणवत्तेचा दाखला नाही, आणि निव्वळ बंदीमुळे गाजलेले सामान्य चित्रपटही आहेत. तरी दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक, या परंपरेचा पहिला आश्रय पाश्चात्त्य नव्हता. यामागाता, हाँगकाँग, कुनमिंग, नानजिंग, सोंगझुआंग ही सगळी आशियाई ठिकाणे आहेत, आणि तिला नाव देणारी अभ्यासक शांघायची आहे. दोन, यातले सर्वोत्तम चित्रपट दडपशाहीचे प्रदर्शन मांडत नाहीत. दुआनची मोहल्ला कचेरी, वांगचे पत्ते खेळणारे कामगार किंवा वूचे कलावंत परदेशी प्रेक्षकाची दया मागत नाहीत, ते आपल्या काळाची नोंद करतात.

तिसरा आक्षेप प्रमाणाचा. ‘वुल्फ वॉरियर २’ या २०१७ च्या चित्रपटाने चीनमध्ये साडेपाच अब्ज युआनहून अधिक कमाई केली. कोट्यवधी लोकांनी पाहिलेला तो चित्रपट सोडून काही हजारांनीही न पाहिलेल्या माहितीपटांवर अभ्यासकांनी शक्ती का खर्च करावी? जनमनाचा शोध घ्यायचा तर लोकप्रिय चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि आता मोबाइलवरचे लघु-व्हिडिओ अभ्यासायला हवेत. हे बरोबर आहे, आणि समकालीन चिनी चित्रपटाचा अभ्यास आज तेही करतो. पण अभ्यासाचे एक कर्तव्य समजून घेण्याचे आणि दुसरे जपण्याचे असते. गल्लाभरू चित्रपट स्वतःला जपतात, त्यांच्यामागे कंपन्या, वाहिन्या आणि सरकार उभे असते. तिएशीच्या भट्ट्यांची किंवा बियान झोंगयुन यांच्या मृत्यूची नोंद जपायला कुणी कंपनी येणार नाही. इतिहासकाराला पुरावा लागतो, आणि पुरावा किती लोकांनी पाहिला यावर त्याचे मोल ठरत नाही.

जपण्याचे हे कर्तव्य २०१४ नंतर निकडीचे झाले. कुनमिंगचा महोत्सव २०१३ मध्येच बंद पडला होता. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी मंजूर झालेला आणि १ मार्च २०१७ पासून अमलात आलेला चित्रपट उद्योग प्रोत्साहन कायदा आणखी पुढे गेला. पडद्यावर ड्रॅगनच्या चिन्हाने दिसणारा परवाना नसेल तर देशातच नव्हे, परदेशी महोत्सवातही चित्रपट दाखवणे आता बेकायदा ठरले. तोवर धूसर असलेली सीमा कायद्याने ठळक केली. चित्रपटकर्त्यांपैकी कुणी देश सोडला, कुणी कॅमेरा खाली ठेवला, कुणी गावाकडे वळले. वू वेनग्वांगने २०१० मध्ये ‘लोकस्मृती प्रकल्प’ सुरू केला होता. तरुण मुले आपापल्या मूळ गावी जाऊन १९५९ ते १९६१ च्या महादुष्काळातून वाचलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी चित्रित करत. ज्या आपत्तीत कोट्यवधी माणसे गेली आणि जिची अधिकृत स्मारके नाहीत, तिच्याविषयीच्या शेकडो मुलाखती आज अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सॅब्रिना छिओंग यू यांच्या पुढाकाराने २०२३ मध्ये चिनी स्वतंत्र चित्रपटांचे अभिलेखागार खुले झाले. तिथे चित्रपटांबरोबर महोत्सवांची पत्रके, भित्तिपत्रके आणि चित्रपटकर्त्यांच्या मुलाखतीही ठेवल्या जातात. २०१४ मध्ये सोंगझुआंगचा संग्रह उचलणाऱ्यांना जे पुसायचे होते, त्याचा काही भाग अशा ठिकाणी तगला आहे.

इथे चौथा आणि सर्वांत कठीण आक्षेप येतो. संग्रह परदेशी, भाषांतरे इंग्रजीत, वाचक विद्यापीठांत. मग ज्या गावांनी आणि कामगारांनी आपले आयुष्य कॅमेऱ्यासमोर उघडे केले त्यांना यातून काय मिळाले? याचे समाधानकारक उत्तर आज नाही, आणि असल्याचा आव आणणे म्हणजे त्या माणसांचा पुन्हा वापर करणे होईल. शिवाय परदेशातला संग्रहही पूर्ण सुरक्षित नाही. सोंगझुआंगच्या महोत्सवाच्या उभारणीत पुढे असलेले झू रिकुन यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कला चिनी स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव भरवायचे ठरवले होते. चीनमधल्या चित्रपटकर्त्यांवर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर दबाव येऊ लागल्यावर त्यांनी तो रद्द केला. याचा अर्थ असा की अभ्यासकाची जबाबदारी प्रत जपण्यापुरती संपत नाही. चित्रपटातली माणसे, चित्रपट करणारी माणसे आणि त्यांची सुरक्षितता यांचे भान ठेवूनच काय दाखवायचे, कधी दाखवायचे आणि काय झाकून ठेवायचे हे ठरवावे लागते. जपणूक म्हणजे प्रसिद्धी नव्हे. कधी कधी जपणे म्हणजे योग्य वेळेपर्यंत गप्प राहून थांबणे.

ही परंपरा संपली, असे मृत्युलेख अधूनमधून लिहिले जातात. महोत्सवांची परंपरा संपली हे खरे, पण नोंद करण्याची ऊर्मी संपलेली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात कोविडच्या निर्बंधांविरुद्ध शांघायच्या रस्त्यावर कोरे कागद उंचावून तरुण उभे राहिले, त्या रात्रीची चित्रफीत करून इंटरनेटवर टाकणाऱ्या चेन पिनलिन याला जानेवारी २०२५ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. वूच्या ‘भटकंती’पासून या चित्रफितीपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ एकच गोष्ट टिकून आहे: जे घडले ते घडल्याच्या ठिकाणी उभे राहून नोंदण्याची जिद्द. अभ्यासकांचे काम त्या जिद्दीच्या खालच्या पायरीवरचे आहे, हे त्यांनी विसरू नये. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तुरुंग भोगला नाही, आणि ज्यांनी भोगला त्या चेंग जीहुआंसारख्यांची संख्या थोडी आहे. पण जिथे राज्यसंस्था स्मृतीची एकमेव मालक होऊ पाहते, तिथे काळजीपूर्वक पाहणे, नेमके लिहिणे, प्रत जपणे आणि नाव विसरू न देणे या साध्या बौद्धिक कामांना राजकीय वजन येते. चीनच्या गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास उद्या जेव्हा चीनमधलेच इतिहासकार मोकळेपणाने लिहितील, तेव्हा त्यांना पुरावा या चित्रपटांत मिळेल आणि त्या पुराव्याचा माग या अभ्यासाच्या आधारे काढावा लागेल. म्हणून या अभ्यासाला चित्रपटांची तळटीप मानणे चूक आहे. तो त्याच इतिहासाचे एक प्रकरण आहे, आणि त्याचे गुणदोष त्याच कसोटीवर तपासले गेले पाहिजेत.